दारफाळणीच्या दिवशी

लोक मला विचारतात, बाई, तुम्ही खेड्यातल्या शाळेत शिकवत होता, मग लेखिका कशा झालात? कुठल्याही कार्यक्रमात हा प्रश्न ठरलेलाच. मीही ठरलेलं उत्तर देते, वाचनाची आवड, वडलांचे संस्कार वगैरे. लोक टाळ्या वाजवतात आणि चहाला जातात. खरं उत्तर चहाच्या घाईत सांगण्यासारखं नाही. ते इथं लिहिते आहे आणि एकदाच लिहिणार आहे.

माझे वडील गावच्या शाळेत मास्तर होते. गाव चाकणच्या पलीकडं, भामा नदीच्या अंगाला. तेव्हा तिथं कांदा, बाजरी आणि भुईमूग यांच्यापलीकडं काही नव्हतं. कारखाने सगळे खाली पिंपरीला आणि आकुर्डीला. आता त्याच रानात कंपन्यांच्या निळ्या पत्र्यांच्या शेड उभ्या आहेत आणि आमच्या शाळेपुढून कंटेनर जातात, पण ते असो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी बोलणारे यहुदी. मूळचे कोकणातले, तेलाच्या घाण्यावर पोट भरणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात आम्हाला शनवारतेली म्हणत. पण हे देशावरच्या माणसाला कसं ठाऊक असणार? बाबा पहिल्यांदा गावात आले तेव्हा पाटलांनी विचारलं, "मास्तर, तुमी मुसलमान का किरिस्ताव?" बाबा म्हणाले, "इस्राएल." "म्हंजी वं?" "म्हणजे आम्ही शनिवार पाळतो." पाटलांनी मान डोलावली, "मंग ठीक हाय. शनवार आमीबी पाळतो," म्हणाले, आणि आमच्या धर्माची चौकशी तिथंच संपली.

घर म्हणजे दोन खोल्या, वर कौलं, पुढं ओटा. दाराच्या चौकटीला उजव्या हाताला मेजुजा ठोकलेला, म्हणजे देवाचं वचन आत गुंडाळून ठेवलेली छोटी पितळी नळी. आम्ही जाता-येता तिला बोटं लावून ओठांना लावायचो. गावातल्या बायकाही दारात आल्या की तिला हात लावून कपाळाला लावत. मास्तरांचा देव दारातच बसतो अशी त्यांची समजूत. बाबांनी कधी ती खोडून काढली नाही. मटण आमच्या पद्धतीनं कापणारा माणूस त्या टापूत कुणी नव्हता, म्हणून आम्ही पुण्याला गेलो तरच मटण खायचो, गावात नाही. त्यामुळं गावातले माळकरी म्हातारे बाबांचं कौतुक करत, मास्तर काय शुद्ध माणूस, मटनाला शिवत न्हाई! आई हे ऐकून पदर तोंडाला लावून हसायची. तिला मटणाची फार आवड होती बिचारीला. पुण्याहून येताना ती नारळ घेऊन यायची, आणि नारळाच्या दुधातली वालाची उसळ ज्या दिवशी व्हायची त्या दिवशी घरात वास असा भरून राहायचा की मी शाळेतून धावत सुटायचे. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ती तेलाचा दिवा लावायची. शनिवारी सकाळची शाळा असायची, पण बाबा त्या दिवशी खडू हातात धरत नसत. पोरांना पिंपळाखाली बसवून गोष्टी सांगत. पोरं बिलंदर; शनिवारी पाट्या घरीच ठेवून यायची.

माझ्या पाठीवर आईची दोन मुलं गेली आणि मग लेआ झाली. तिला आम्ही लेऊ म्हणायचो. मी बारा वर्षांची होते तेव्हा ती सहाची असेल. काळीसावळी, केसांचं जावळ कधी धड न बसणारं, आणि आवाज असा की ओढ्याच्या पलीकडं ऐकू जावा. ती आमच्यासारखी बोलायची नाही, गावासारखी बोलायची. "म्या न्हाई जा!" असं म्हणून पाय आपटायची आणि पुण्याच्या कॅम्पात वाढलेली माझी आई कपाळाला हात लावायची. लेऊ घरापेक्षा गंगूमावशीच्या अंगणात जास्त असे. गंगूमावशी म्हणजे शेजारीण, नवरा गेलेली, थोडकं रान स्वतः कसणारी, जिभेनं फटकळ. तिचा मुलगा ज्ञानू पिंपरीच्या एका कंपनीत ट्रकवर ड्रायव्हर होता. सुट्टीला आला की लेऊ त्याच्या मांडीवर चढून तोंडानं हॉर्न वाजवायची. गंगूमावशी म्हणायची, "ही माझीच हाय. मास्तरीनबाईनं नुसती वागवली नऊ म्हैनं."

बाबांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ते अडाणी नव्हते हो. देवी टोचायला माणूस आला आणि बायका पोरं घेऊन रानात पळाल्या, तेव्हा बाबांनी चावडीपुढं आधी माझा दंड पुढं केला आणि मग एकेकाच्या घरी जाऊन पोरं बाहेर काढली. गंगूमावशीच्या दिराला पान लागलं, म्हणजे साप चावला, तेव्हा भावकीनं त्याला देवळात नेऊन निजवलं होतं. बाबा तिथं गेले, भगताशी भांडले, आणि त्याला गाडीत घालून खेडच्या दवाखान्यात घेऊन गेले. तो वाचला. त्या वेळी देवळाच्या पायरीवर उभं राहून बाबा गंगूमावशीला म्हणाले होते, "गंगूबाई, देव कुठं पळून जात नाही. आधी जीव, मग देव." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. बाबांचा मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता.

पण त्या वर्षी बाबा बदलले होते. आमची माणसं तेव्हा इस्राएलला चालली होती, रोज कुणाच्या ना कुणाच्या घरचं सामान बांधलेलं. माझे धाकटे काका सहकुटुंब निरोप घ्यायला आले आणि ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं की तिकडे गेलेल्या आपल्या लोकांना लग्नाच्या वेळी विचारतात, तुम्ही खरेच यहुदी का? तुमचे रिवाज कुठले, तुम्हाला कुणी शिकवले? बाबांच्या तोंडावरचा रंग उडालेला मला आठवतो. शेकडो वर्षं घाण्याला जुंपलेला बैल शनिवारी सोडून ठेवणारी माणसं आम्ही, आणि आम्हालाच विचारतात! काका गेले. नंतर बाबा आईला म्हणाले, "आपण जे पाळतो ते पुरतं पाळायचं. कुणाला बोट ठेवायला जागा नको." आईला यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

आमचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास. कोकणातले आमचे जुने लोक त्याला दारफाळणीचा सण म्हणत, म्हणजे दारं लावून घेण्याचा. आदल्या दिवशी ऊन पाण्यानं आणि मग गार पाण्यानं अंघोळ करायची, पांढरे कपडे घालायचे, दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि दार लावायचं. ते दुसऱ्या दिवशी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत उघडायचं नाही. अन्न नाही, पाणी नाही, चूल नाही, आणि बाहेरच्या माणसाला शिवणं नाही की त्याच्याशी बोलणं नाही. पुण्याला राहणारे आमचे लोक त्या दिवशी मशिदीत जात. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. आम्हीही एरवी पुण्याला जायचो. त्या वर्षी लेऊला दोन दिवस कणकण होती, घसा धरला होता. एसटीत तिचे हाल नकोत म्हणून बाबांनी ठरवलं, यंदा घरीच पाळू, आपले आजोबा पाळायचे तसं. आईनं हळदीचं दूध दिलं, गळ्याला फडकं बांधलं. घसा काय, पोरांचा धरतोच.

किप्पूर आणि दसरा बहुतेक वर्षी मागंपुढंच येतात. त्या वर्षी एकाच दिवशी आले. बाहेर हलगी वाजत होती, झेंडूचा वास दाराच्या फटीतून आत येत होता, आणि आत आम्ही चौघं पांढऱ्या कपड्यांत अंधारात. कौलांत एक काच बसवलेली होती, तिच्यातून जमिनीवर उजेडाचा चौकोन पडायचा. बाबा प्रार्थना म्हणत उभे होते. सकाळी आईनं लेऊला त्या चौकोनात आणून तिचं तोंड उघडून बघितलं. घशात दोन्ही बाजूंनी करडा-पांढरा पापुद्रा धरला होता, साय धरावी तसा. आईनं तिला पाणी पाजलं, लहान पोरांना उपास नसतो. ते पाणी नाकातून बाहेर आलं. मान दोन्ही बाजूंनी सुजलेली. लेऊचा तो मोठा आवाज कुठंच नव्हता. ती श्वास घ्यायची तेव्हा छातीत खड्डा पडायचा आणि चाकाला तेल नसल्यासारखा आवाज यायचा. आईनं बाबांकडं बघितलं. बाबा येऊन वाकले, त्यांनीही बघितलं. त्यांना कळलं असणार. घटसर्पाची लक्षणं शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात होती, ती ते पोरांकडून पाठ करून घेत.

"अहो," आई म्हणाली.

"संध्याकाळपर्यंत," बाबा म्हणाले. "तारे दिसले की लगेच. एवढा दिवस देव सांभाळेल तिला. आज तर तो सर्वांत जवळ असतो."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माझ्या मनात मी बाबांवर कितीही ओरडले असेन, पण ते दगड होते असं मी कधी म्हणू शकले नाही. दगड असते तर मला सोपं गेलं असतं.

दुपार कलायच्या सुमाराला बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. दसऱ्याला गाड्या धुऊन त्यांची पूजा करतात. ज्ञानू कंपनीत कुणाला तरी सांगून ट्रक गावाकडं घेऊन आला होता, आईच्या हातची पूजा व्हावी म्हणून. गंगूमावशी लेऊला आपट्याची पानं द्यायला आमच्या दारापर्यंत आली होती. आमचं दार बंद असतं हे तिला ठाऊक होतं, ती पानं उंबऱ्यावर ठेवून जायची. पण तिनं लेऊचा श्वास ऐकला. त्या बाईनं पोरं पुरली होती, तिला तो आवाज कळत होता. तिनं दारावर थाप मारली.

"मास्तर! मास्तर, पोरीचा घसा वाजतोय का ह्यो? दार उघडा की वं!"

बाबा दारापाशी येऊन उभे राहिले.

"आवो, ट्रक हाय दारात! ज्ञानू म्हनतोय, हितनं नीट पुन्याच्या मोठ्या दवाखान्यात घालतो. त्याला दिस मावळायच्या आत गाडी लावायचीय कंपनीत. ऐकताय न्हवं? मास्तरीनबाई, तुमी तरी!"

आई उठली. उठली आणि अडसरापर्यंत गेली. बाबांनी तिचा हात धरला. ओढला नाही, ढकलला नाही, नुसता धरला, आणि मान हलवली. बाहेर ज्ञानूनं हॉर्न वाजवला. लेऊनं डोळे उघडले. मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसले होते, तिनं अंगठा हलवला एवढं मला कळलं.

"तुमीच म्हनला हुता, मास्तर!" आता गंगूमावशी रडत होती. "आदी जीव, मंग देव. देवळाच्या पायरीवर म्हनला हुता! आमाला एक आन् तुमाला एक व्हय?"

आणि बाबांनी काय करावं? त्यांनी आईचा हात तसाच धरून प्रार्थनेचा आवाज चढवला. शेमा म्हणू लागले, 'ऐक, हे इस्राएला'. तिची थाप मोठी झाली तसा त्यांचा आवाज मोठा झाला, इतका की शेवटी दोन्हीतलं काही वेगळं ऐकू येईना. मला वाटलं आता घर फुटेल. मग थाप थांबली. ज्ञानू काहीतरी बोलला, गंगूमावशी त्याच्यावर खेकसली, ट्रक काही वेळ उभाच राहिला, आणि मग गेला. त्याचा आवाज ओढ्यापाशी उतरून पलीकडं चढला तिथपर्यंत मला ऐकू येत होता. आई जमिनीवर बसली.

तारे दिसल्यावर बाबांनी दार उघडलं तेव्हा गंगूमावशी ओट्यावरच बसलेली होती. तिनं बैलगाडी जुंपून ठेवली होती. ती आत आली, लेऊला उचललं, आणि आम्ही निघालो. चाकणला डॉक्टर सणाला घरी गेलेले. कांद्याची एक लॉरी पुण्याला निघाली होती, त्या माणसांनी आम्हाला पुढं बसवलं. मोशी यायच्या आधीच लेऊ आईच्या मांडीवर गेली. बाबा पुढं रस्त्याकडं बघत होते. त्यांना सांगायला लागलं. पुण्याच्या आमच्या कबरस्तानात दुसऱ्या दिवशी तिला ठेवली. त्या दिवसाला आमच्यात शिळा सण म्हणतात. किप्पूरला घरी आलेले पूर्वज त्या दिवशी परत जातात, म्हणून गरिबांना दानधर्म करायचा. आईनं लेऊचे दोन झगे कबरस्तानाच्या फाटकाशी बसलेल्या बाईला दिले.

यापुढं जे झालं ते मला लेऊच्या जाण्याइतकंच भयंकर वाटतं. गावानं बाबांना दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं! गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. "मास्तरानं लेक दिली, पर नेम मोडला न्हाई," असं चावडीवर लोक सांगायला लागले. परगावचे पाहुणे आले की त्यांना शाळेपाशी आणून दुरून दाखवायचे, ते बघा, तेच ते. एकदा आळंदीचे कुणी कीर्तनकार आले होते, त्यांनी भर कीर्तनात निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगितलं. बाबा समोर बसले होते. उठून जाता येईना, बसवेना. घामानं सदरा भिजला होता त्यांचा. तेव्हापासून त्यांनी माणसांत बसणं सोडलं. शनिवारी पिंपळाखाली पोरं जमायची, पण गोष्ट सुचेना. मग तेही बंद झालं. आणि दारफाळणी मात्र ते दर वर्षी आणखी कडक पाळायला लागले. मला आता कळतं, त्यांना दुसरा मार्गच नव्हता. त्या दिवसाचा नेम खोटा ठरला तर लेऊ कशासाठी गेली? गंगूमावशीनं आमच्या दारात पाय ठेवला नाही. तिला बाबा सामोरे आले की ती तोंड फिरवून उभी राहायची. गावात तेवढी एकच बाई त्यांना थोर मानत नव्हती.

मॅट्रिक झाल्यावर मी पुण्याला अध्यापनाच्या कोर्सला गेले आणि आईच्या मामीकडं राहिले. तिथं किप्पूरला मशिदीत बसले होते. वर बायकांच्या सज्जात माझ्या पुढ्यात एक पोटुशी बाई होती, दिवस भरत आलेली. उपासानं तिला भोवळ आली आणि ती खाली आदळली. खाली प्रार्थना चालू होती. आमचे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, म्हातारे गृहस्थ, त्यांनी वर बघितलं, तिथंच प्रार्थना थांबवली आणि ओरडले, "बघताय काय! पाणी पाजा तिला! अरे रिक्षा आणा कुणीतरी, पळा!" लोकांनी दारं सताड उघडली. एक रिक्षावाला खाकी कपड्यांत तसाच चपला घालून आत आला, त्यानं आणि दोघांनी तिला उचलून नेली. हझानांनी पुस्तकात बोट होतं तिथून पुढं म्हणायला सुरुवात केली. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. आईची मामी वारा घेत म्हणाली, "दिवस भरलेत तर आली कशाला गं?"

माझ्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. उपास सुटल्यावर मी खाली जाऊन हझानांना गाठलं. विचारलं, हे चालतं? आजच्या दिवशी? ते सरबताचा पेला हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिले. "चालतं म्हणजे? करायलाच हवं, पोरी. जीव जात असताना शनिवारचा शब्बाथ नाही, किप्पूर नाही, काही नाही. तेव्हा मोडणं हाच धर्म. न मोडणारा पापी. शिकवलं नाही का तुला घरी?"

मी म्हटलं, नाही. घरी शिकवलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले ती मनाशी ठरवूनच. मला बाबांवर सूड उगवायचा होता असं नाही, पण एवढं मोठं ओझं एकटीनं घेऊन मी त्यांच्यासमोर जेवू शकत नव्हते. बाबा ओट्यावर शाळेच्या जुन्या पुस्तकांना खळ लावून पुठ्ठे चढवत बसले होते. आई आत होती. मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं, जसं झालं तसं. त्यांचा हात खळीच्या वाटीत तसाच राहिला.

"हझान स्वतः ओरडले?"

"हो."

"दारं उघडली?"

"हो बाबा. सगळी."

बाबांनी बोटांची खळ पंच्याला पुसली. पुसतच राहिले. मग म्हणाले, "आमच्या वडलांनी सांगितलं नाही कधी. त्यांना त्यांच्या वडलांनी सांगितलं नसेल. आम्हाला दार लावायचं तेवढं ठाऊक होतं, दीना." त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मला वाटलं होतं ते रडतील, चिडतील, मला खोटं पाडतील. त्यांनी उरलेलं पुस्तक उचललं, त्याला पुठ्ठा चढवला आणि सुकायला भिंतीशी उभं केलं. त्या दिवशी मी त्यांच्यावर जेवढी माया केली तेवढी आयुष्यात कधी केली नसेन, आणि ते त्यांना सांगता आलं नाही; हे सांगता न आलेलंच पुढं मी लिहायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर." गंगूमावशी अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. बाबांना बघून तिनं मान वळवली. बाबा तिच्यासमोर मातीत बसले. भर सकाळी, येणारे-जाणारे बघत होते.

"गंगूबाई," ते म्हणाले, "तुम्ही बरोबर होता. आमच्या धर्मातही तसंच आहे. मला ठाऊक नव्हतं. मला माफ करा."

गंगूमावशीचे हात थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं बाबांकडं नीट बघितलं. बरंच बोलायचं असावं तिला. ओठ हलले, पण राग आला नाही बाहेर. पदरानं नाक पुसून म्हणाली, "माजी कशापायी माफी मागता, मास्तर? म्या भायेर हुते. म्या वरडून मोकळी झाले. आत जी हुती तिची मागा."

बाबा उठले आणि तसेच घरी आले. आई चुलीपुढं बाजरीच्या भाकरी थापत होती. बाबा आतल्या खोलीत गेले, टोपी काढून हातात घेतली आणि आईजवळ जमिनीवर बसले. मी बाहेरच्या खोलीत थांबले, पण दोन खोल्यांच्या घरात ऐकू येत नाही असं काय असतं? त्यांनी तिला सांगितलं, मी काय ऐकून आले ते आणि गंगूमावशी काय म्हणाली ते. आईच्या भाकरीची थाप एकदाही चुकली नाही. मग ते म्हणाले, "एस्तेर, मला क्षमा कर."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. तिला पाणी लावलं, उलटली, निखाऱ्यावर उभी करून फुगवली. मला वाटलं, आता ती रडेल, आता म्हणेल, तुमचा तरी काय दोष. माझी आई त्यांच्या शब्दापुढं जाणारी नव्हती, गावातल्या बायका तिचं उदाहरण देत. तिनं बाबांचं ताट पुढं ओढलं, भाकरी वाढली, वर लोणी घातलं.

"नाही," ती म्हणाली. "तेवढं सोडून काय हवं ते मागा." आणि थोड्या वेळानं, "जेवा. गार होतीय."

बाबा जेवले. त्यानंतर ती दोघं वीस-बावीस वर्षं एका घरात राहिली. मी पुढं मारुंजीच्या शाळेत शिकवायला लागले, तिथं माझ्या खोलीवर येऊन राहायची, एकमेकांची औषधं सांभाळायची, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात तिनं त्यांना लेकरासारखं केलं. शेवटच्या दिवसांत बाबांनी पुन्हा एकदा क्षमा मागितली होती, बोलवत नव्हतं तरी. मी तिथंच होते. आईनं त्यांच्या ओठांना पाणी लावलं, उशी सरळ केली, कपाळावरचे केस मागं सारले, आणि मान हलवली, नाही.